भिशी, नोबेल आणि दोन मोती

पत्र थोडं आटोपशीर करून देते आहे.

'आम्ही त्रिमूर्ती नगरातल्या सात जणी. अकरा वर्षं आमची भिशी चालू आहे. कुकर झाले, साड्या झाल्या, चांदीची नाणी झाली. मी ३३ वर्षं बँकेत नोकरी करून मागच्या वर्षी निवृत्त झाले आणि मीच सुचवलं की आता भिशीच्या पैशांतून पुस्तकं घेऊ, जगातले मोठे लेखक वाचू. मुलानं पुण्याहून नोबेल मिळालेल्या शेवटच्या बारा जणांची यादी पाठवली. पहिलं नाव २०२५ चं, हंगेरीच्या लेखकाचं. त्यांची "सातानटँगो" मागवली. दोन महिने झाले, तिसाव्या पानापुढं कोणी गेलं नाही. खरं सांगते, काही समजूनच नाही राहिलं. एक जण म्हणाली, ही मोठ्या लोकांची पुस्तकं, आपलं काय काम त्यात? मुलगा म्हणतो, वाचायचं तर इंग्रजीतच वाचा, मराठी अनुवादात काही राम नसतो. आमच्यातल्या तिघींना इंग्रजीचा सराव नाही. घरी सासूबाई आहेत, ८४ वर्षांच्या. दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असतात, पण भिशीच्या दिवशी आमचं बोलणं ऐकून राहतात. परवा विचारत होत्या, "त्या पुस्तकातला पाऊस थांबला का गं?" पुढच्या महिन्यात भिशी पुन्हा नाण्यांवर न्यायची की कसं, ते ठरवायचं आहे. काय करावं? – भिशीतली एक, नागपूर'

ताई,

भिशी नाण्यांवर नेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

सासूबाईंनी जे विचारलं, त्याहून नेमका प्रश्न त्या पुस्तकाबद्दल मी ऐकलेला नाही. 'सातानटँगो'तला पाऊस थांबण्याचं नावच घेत नाही. मोडीत निघालेली सामुदायिक शेती, गळकी घरं, घोट्यापर्यंत चिखल, आणि मेला असं धरून चाललेला एक माणूस परत येतोय या बातमीवर जीव टांगून बसलेली मूठभर माणसं. लास्लो क्रास्नाहोर्काई यांची ही कादंबरी १९८५ साली आली. एकेक प्रकरण म्हणजे एकेक अखंड परिच्छेद, मध्ये कुठं टेकायला जागा नाही. प्रकरणं बारा. पहिल्या सहांचे आकडे चढत जातात, पुढच्या सहांचे उतरत येतात, टँगो नाचातल्या पुढच्या-मागच्या पावलांसारखे. सराईत वाचकाचीही दमछाक करणारं पुस्तक तुम्ही पहिल्याच दिवशी उचललंत. ते कपाटात ठेवा, टाकू नका. जुलैत झड लागली की कधीतरी काढा आणि मोठ्यानं वाचून बघा. पण सुरुवात तिथून नको.

चूक यादीच्या क्रमाची आहे. नोबेल साधारणपणे एका पुस्तकाला मिळत नाही, लेखकाच्या आयुष्यभराच्या लेखनाला मिळतं. त्यामुळं कुठल्या दारानं आत शिरायचं, हे त्या नावावरून कळत नाही. तुमच्या मुलानं पाठवलेल्या बारा जणांत २०१६ चं नाव गाणी लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या माणसाचं आहे, २०२० चं कवयित्रीचं. ही सगळी सालवार ओळीनं वाचणं म्हणजे दिवाळी अंक अनुक्रमणिकेप्रमाणे वाचण्यासारखं आहे. कोणी वाचतं का तसं? आपण आधी आपल्याला ओढणारं पान उघडतो.

आणि यादी म्हणजे काही देववाणी नाही. नोबेल सुरू झालं १९०१ साली. टॉलस्टॉय त्यानंतर नऊ वर्षं हयात होते, त्यांना ते मिळालं नाही. २०२५ पर्यंत साहित्याचं नोबेल १२२ जणांना मिळालं, त्यात स्त्रिया १८. हे मी पुरस्काराचा मान कमी करायला सांगत नाही. मला त्या यादीनं फार दिलं आहे. एका कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म गेला माझा, आणि मुलं दर ऑक्टोबरात 'मॅडम, यंदा कोणाला मिळालं?' म्हणून विचारायला यायची तेव्हा मला सणासारखं वाटायचं. पण मुलांच्या हातात पुस्तक देताना मी साल कधी पाहिलं नाही. मुलगा कुठून आला आहे, घरी काय चाललं आहे, ते पाहायची.

तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मोठ्या लोकांची पुस्तकं, आपलं काय काम त्यात? तिला सांगा, २०२२ चं नोबेल मिळालेल्या ॲनी एर्नो यांच्या आई-वडिलांचं एका लहान गावात किराणा दुकान होतं. टोनी मॉरिसन यांचे वडील वेल्डिंगची कामं करत. नजीब महफूज सरकारी खात्यात नोकरी करून मग लिहायला बसत. अब्दुलरझाक गुर्ना किशोरवयात झांझिबार सोडून परक्या देशात आश्रयाला गेले. आणि ही माणसं आयुष्यभर फिरून फिरून एकाच जागी येतात. कोणी बापाच्या दुकानाशी, कोणी गल्लीशी, कोणी सोडून आलेल्या किनाऱ्याशी. त्यांचा हा एकेक दुखरा सल ओळखायचा आणि तो आपल्या घरात कुठं आहे का, ते बघायचं. मी तरी पुस्तकं अशीच निवडते.

तुम्ही पर्ल बक यांच्यापासून सुरुवात करा. १९३८ चं नोबेल. मिशनरी आई-वडिलांबरोबर चीनमध्ये वाढलेल्या या अमेरिकन बाई. त्यांची 'द गुड अर्थ' १९३१ साली आली आणि पुढच्या वर्षी तिला अमेरिकेतला पुलित्झर पुरस्कार मिळाला. वांग लुंग नावाचा शेतकरी, त्याची बायको ओ-लान आणि जमीन, एवढीच गोष्ट. दुष्काळ पडतो, सगळं सोडून शहरात भिंतीला टेकून झोपडं करायची पाळी येते, मग परत येऊन माणूस जमिनीला जमीन जोडत जातो. कापसाच्या आणि कर्जाच्या मुलखात वाढलेल्या बाईला यातलं काही समजावून द्यावं लागत नाही.

त्यातला एक प्रसंग सांगते. शहरातल्या लुटालुटीत एका श्रीमंताच्या घरातून ओ-लानच्या हाती जडजवाहीर लागतं. नवरा ते विकून जमीन घ्यायला निघतो. ती त्यातले फक्त दोन लहान मोती मागते. अंगावर घालायचे नसतात तिला, नुसते जवळ ठेवायचे असतात. उराशी, कापडात गुंडाळून. पुढं भरभराट होते, पैसा येतो, नवरा एका देखण्या बाईच्या नादी लागतो. एक दिवस ओ-लान तळ्यावर धुणं धूत असते. तो येतो आणि म्हणतो, ते मोती दे. ती ओल्या हातानं पुडी काढते, त्याच्या हातावर ठेवते आणि पुन्हा धुणं आपटायला लागते. डोळ्यांतून पाणी येत असतं, ते पुसतसुद्धा नाही.

माझ्या आईच्या पाटल्या एका वर्षी दुबार पेरणीच्या बियाण्यात गेल्या. तिनं त्याबद्दल उभ्या जन्मात एक शब्द काढला नाही, पण लग्नाकार्यात हात पदराखाली घ्यायची तिला सवय लागली. मी तळ्यावरचं ते पान वाचलं तेव्हा वीस वर्षांची असेन. पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसती तिच्याजवळ बसले. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त वहिनी घराण्याचे दागिने अंगावर चढवते, तो प्रसंग तुमच्यातल्या कोणी रंगमंचावर पाहिला असेल. या दोन बाया शेजारी शेजारी बसवून बोला एकदा. सात जणींच्या भिशीत सोनं हा विषय निघाला की दुपार पुरायची नाही. पर्ल बक यांना एवढं मोठं पारितोषिक जास्तच झालं, असं म्हणणारे जाणकार आहेत. म्हणोत. ते दोन मोती ज्यांनी लिहिले त्यांच्याशी मी भांडायला तयार नाही.

दुसऱ्या महिन्याला गाब्रिएल गार्सिया मार्केस घ्या, पण 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' ही जाडजूड प्रसिद्ध कादंबरी आत्ता नको, जिच्यात पिढ्यान्‌पिढ्या तीच तीच नावं येतात. ती घ्याल तेव्हा वंशावळ कागदावर काढून भिंतीला लावा. आत्ता घ्या 'नो वन राइट्स टू द कर्नल'. शंभरेक पानांचा ऐवज, १९६१ साली पुस्तकरूपानं आलेला. एक म्हातारा निवृत्त कर्नल दर शुक्रवारी टपालाच्या होडीची वाट पाहायला धक्क्यावर जातो. पेन्शनचं पत्र यायचं असतं. पंधरा वर्षं तो वाट पाहतो आहे. घरात दम्यानं आजारी बायको, आणि गेलेल्या मुलानं मागं ठेवलेला झुंजीचा कोंबडा.

गोष्ट सुरू होते ती कॉफीच्या डब्यापासून. डब्यात चमचाभर कॉफी उरली आहे. कर्नल सुरीनं डब्याचा तळ खरवडतो, कॉफीबरोबर गंजही निघतो. ती उकळून तो बायकोला देतो आणि सांगतो, माझी झाली घेऊन. खोटं सांगतो. पुढं एका ठिकाणी बायको म्हणते, चूल पेटलेली दिसावी, शेजाऱ्यांना कळू नये, म्हणून मी भांड्यात दगड उकळले आहेत. ताई, तुम्ही बँकेच्या खिडकीच्या आत बसून ३३ वर्षं काढलीत. पेन्शनच्या तारखेला बाहेर लागणारी रांग तुम्ही माझ्याहून जवळून पाहिली आहे. माझे वडील शाळामास्तर. त्यांच्या थकबाकीचा कागद एका कार्यालयात अडकला आणि चार वर्षं ते दर सोमवारी इस्त्रीचा सदरा घालून जात होते. उन्हाळ्यात टोपीखाली ओला रुमाल. परत आले की आई काही विचारायची नाही, पाण्याचा तांब्या पुढं करायची. कोलंबियातल्या त्या कर्नलला कोणता सदरा घालावा याची काळजी का असते, हे मला कोणी समजावून सांगितलं नाही. नोबेल समितीनं १९८२ साली ज्यांना गौरवलं त्या लेखकाची आणि आमच्या घराची ओळख त्या सदऱ्यावरून झाली.

आता ॲनी एर्नो. त्यांच्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण तुमचा मुलगा पुण्यात आहे.

एर्नो यांचं वडिलांवरचं लहानसं पुस्तक १९८३ साली फ्रेंचमध्ये आलं. इंग्रजीत 'अ मॅन्स प्लेस'. मुलगी शिक्षकाची अवघड परीक्षा पास होते, आणि त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी वडील जातात. तिथून पुस्तक सुरू होतं. बाप आधी शेतावरचा गडी, मग कारखान्यात, मग किराणा दुकान आणि त्याला जोडून लहानसं कॅफे. मुलगी शिकत जाते, तिची भाषा बदलत जाते, घरातली भाषा तिला खटकायला लागते. बापाला शिकलेल्या माणसांपुढं तोंड उघडायची भीती वाटते, आपल्या तोंडून गावंढळ शब्द निघेल म्हणून. एर्नो यांनी हे सगळं मुद्दाम साध्या, सपाट भाषेत लिहिलं. बापाच्या आयुष्यावर सुंदर शब्दांची झालर लावणं त्यांना अपमानाचं वाटलं. रडारड नाही, उपमा नाहीत. बाप कसा उभा राहायचा, काय जेवायचा, कोणता शब्द कसा उच्चारायचा, एवढंच.

आपल्याकडची किती मुलं पुण्या-मुंबईला जातात आणि पहिल्या सहा महिन्यांत 'करून राहिलो' सोडून 'करतोय' म्हणायला लागतात! मी त्यांना दोष देत नाही. होस्टेलवर कोणी तरी हसलेलं असतं. पण सुट्टीला घरी आल्यावर तोच मुलगा आईचा शब्द दुरुस्त करतो, तेव्हा आई हसून घेते आणि फोनवर त्याच्या मित्राशी बोलायची वेळ आली की 'तूच बोल बाबा' म्हणून फोन त्याच्याकडे देते. एर्नो यांचं सगळं लेखन या एका क्षणाभोवती फिरतं. शिक्षणानं मुलं आपल्यापासून जिथं नेली जातात, त्या अंतरावर त्यांनी पन्नास वर्षं लिहिलं. पुस्तकाच्या शेवटाकडे एक आठवण आहे. वडील तिला सायकलवर बसवून शाळेत पोचवायचे, पावसात आणि उन्हात. दोन काठांमधला नावाडी, असं एर्नो यांना ते वाटतात. आपल्याला तुच्छ लेखणाऱ्या जगातच आपली मुलगी जाऊन बसली, याचाच कदाचित त्या माणसाला सगळ्यात जास्त अभिमान होता.

हे पुस्तक तुम्ही वाचा आणि एक प्रत मुलाला पाठवा. सोबत चिठ्ठी लिहू नका.

गुर्ना यांची 'पॅराडाइज' १९९४ ची, बुकर या इंग्रजी कादंबऱ्यांच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत आलेली. पूर्व आफ्रिकेतला युसुफ नावाचा बारा वर्षांचा मुलगा. घरी अधूनमधून येणारे श्रीमंत अझीझचाचा जाताना त्याच्या हातावर दहा आण्यांचं नाणं ठेवतात. हो, आणेच, हिंदी महासागराच्या त्या काठापर्यंत आपले रुपये-आणे चालत, आणि हिंदी व्यापारीही त्यांच्या कादंबऱ्यांत ठिकठिकाणी भेटतात. एक दिवस चाचा मुलाला बरोबर घेऊन निघतात. प्रवास संपल्यावर त्याला कळतं की हे चाचा नाहीत, सावकार आहेत, आणि बापानं कर्जापोटी आपल्याला गहाण टाकलं आहे. तिथला शब्द आहे 'रेहानी'. हिंदीतला रेहन तो हाच. याहून जास्त सांगत नाही. यवतमाळकडची कोणी तुमच्या सात जणींत असेल तर तिला हे पुस्तक आधी द्या.

टोनी मॉरिसन यांचं नाव शेवटच्या बारांत येत नाही, त्यांना १९९३ साली नोबेल मिळालं. मला वाटतं नागपूरच्या माणसानं त्यांना वाचल्याशिवाय राहू नये. त्रिमूर्ती नगरातून दीक्षाभूमी किती जवळ! दर दसऱ्याला आपण रस्त्याच्या कडेनं चालत येणारी माणसं पाहतो, पाठीवर पोर, डोक्यावर गाठोडं, आणि परतताना हातात पुस्तकं. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यातले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्हीकडच्या दुःखातलं साम्य दाखवलं होतं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन. या नात्याला मॉरिसन यांच्या कादंबऱ्यांत माणसांचे चेहरे मिळतात. त्यांची पहिली कादंबरी 'द ब्लूएस्ट आय', १९७० ची. पेकोला नावाची काळी मुलगी देवाकडे एकच मागते, निळे डोळे. आपण सुंदर असतो तर घरातले आपल्याशी असे वागले नसते, असं तिला वाटतं. पुस्तक कडू आहे, त्यात बापाकडून लेकीवर झालेला अत्याचार आहे, हे आधीच सांगून ठेवते. पण भिशीत मुलगी दाखवण्याचा विषय निघतो तेव्हा 'रंगानं जरा उजळ हवी' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, काहींनी म्हटलेलंही असेल. मीही माझ्या भाचीसाठी बेसन-हळदीच्या वाट्या कालवल्या आहेत. मॉरिसन वाचल्यानंतर ते आठवून मला लाज वाटली आणि मी ते तिला सांगितलं.

इजिप्तचे नजीब महफूज, १९८८. कैरोच्या जुन्या गल्ल्या हा त्यांचा मुलूख. महाल-इतवारीतल्या वाड्यांत दिवस काढलेल्या बाईला तो अनोळखी वाटणार नाही. 'पॅलेस वॉक' मोठी आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत घ्या. अमीना नावाची गृहिणी मध्यरात्री उठून, कंदील घेऊन नवऱ्याची वाट पाहते. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, जग पाहायचं ते जाळीच्या सज्जातून. नवरा परगावी गेला असताना मुलांच्या आग्रहानं ती एकदाच जवळच्या दर्ग्याला जाते. वाटेत मोटार धडकते, हाड मोडतं, आणि ती बरी झाल्यावर नवरा तिला माहेरी धाडतो, न विचारता बाहेर गेली म्हणून. महफूज त्या नवऱ्याला राक्षस करत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. तो बाहेर हसरा, गाण्याचा शौकीन, मित्रांचा लाडका. असे पुरुष आपण पाहिले आहेत.

खास तुमच्यासाठी म्हणून काझुओ इशिगुरो. २०१७ चं नोबेल, त्याआधी १९८९ साली 'द रिमेन्स ऑफ द डे'ला बुकर. एका उमरावाच्या घरी आयुष्य घालवलेला मुख्य नोकर, स्टीव्हन्स. वरच्या खोलीत वडील शेवटच्या घटका मोजत असतात आणि खाली मोठ्या पाहुण्यांची बैठक चालू असते, म्हणून हा हातात तबक घेऊन फिरत राहतो. कोणीतरी विचारतं, तू रडतोयस का? तो म्हणतो, दिवसभराची दगदग, दुसरं काही नाही. मार्चअखेरच्या हिशेबांसाठी घरातलं कोणतं कार्य, कोणतं आजारपण सोडून तुम्ही बँकेत बसला होतात, ते तुम्हालाच माहीत. एकटीनं वाचा.

हान कांग, २०२४, नोबेल मिळालेली पहिली आशियाई स्त्री. त्यांच्या 'द व्हेजिटेरियन'मध्ये एक साधी बायको एके सकाळी मांस खायचं सोडते, आणि भर जेवणावळीत बाप तिच्या तोंडात मांसाचा तुकडा कोंबू पाहतो. घराला न जुमानता बाईनं नाही म्हटलं की काय होतं, त्याची गोष्ट. अंगावर येते. वर्षभर भिशी नीट मुरली की मग.

आता अनुवाद. मुलाला प्रेमानं विचारा, तू मार्केस इंग्रजीत वाचलास ना? तोही अनुवादच. मूळ स्पॅनिश. तुमच्याकडची 'सातानटँगो' मूळ हंगेरियन. एर्नो फ्रेंच, महफूज अरबी, हान कांग कोरियन. टागोरांना १९१३ चं नोबेल मिळालं त्यामागं त्यांनी स्वतः इंग्रजीत उतरवलेली 'गीतांजली' होती. इंग्रजीत अनुवाद झालेल्या पुस्तकांना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय बुकरचे ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे निम्मे वाटतात. २०२५ साली कन्नडमधल्या बानू मुश्ताक यांच्या कथांना, 'हार्ट लॅम्प'ला ते मिळालं, तेव्हा अनुवादक दीपा भास्ती यांच्या हातातही तीच ट्रॉफी होती. हेमिंग्वेंच्या म्हाताऱ्या कोळ्याला पु. ल. देशपांड्यांनी 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणलं. तेही वाचून राम नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहायची आहे. वाईट अनुवाद असतात, खूप असतात. पहिली दोन पानं दुकानात उभ्यानं, ओठ हलवत वाचा. जीभ अडखळली तर परत ठेवा. जे मराठीत मिळणार नाही, ते इंग्रजी येणाऱ्या चौघींपैकी एकीनं महिनाभर वाचायचं आणि बाकीच्यांना सांगायचं. श्रावणात पोथी अशीच तर ऐकली आपण. एकीनं वाचायची, एकीनं अर्थ सांगायचा, आणि मध्येच कोणीतरी 'अशीच माझी मावशी होती' म्हणून सुरू व्हायचं.

आणि नागपूरच्या माणसाला एक सोय आहे, तिचा आपण उपयोगच करत नाही. आपल्याला हिंदी येते. मूळ हिंदी पुस्तकं आपण अनुवादाविना वाचू शकतो. हावड्याच्या गाडीत बसलं की गोंदियापुढं राजनांदगाव लागतं, विनोदकुमार शुक्ल तिथले. २०२३ साली त्यांना अमेरिकेतला पेन-नाबोकोव्ह पुरस्कार मिळाला, मग २०२४ सालचं ज्ञानपीठ. त्यांच्या 'नौकर की कमीज'मध्ये साहेबानं आदर्श नोकराच्या मापाचा एक सदरा शिवून ठेवला आहे, आणि तो एका कारकुनाच्या अंगात बरोबर बसतो. इशिगुरोंच्या स्टीव्हन्सनंतर हे वाचा.

राहता राहिल्या सासूबाई.

गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि'ला २०२२ साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादासाठी. हिंदीला मिळालेलं ते पहिलं. पुस्तक मोठं आहे, शब्दांशी फार खेळतं, सगळं एका दमात जाणार नाही. पण त्याची सुरुवात अशी आहे: ऐंशी वर्षांची आई, नवरा गेलेला, अंथरुणावर पडून आहे, भिंतीकडे तोंड करून. घरातले सगळे उठवायला येतात, ती उठत नाही. नाही, नाही उठायचं. आणि हळूहळू त्या 'नहीं'चं ऐकता ऐकता 'नयी' होतं. पुढं ही म्हातारी उठते, लेकीकडे राहायला जाते, आणि थेट सरहद्द ओलांडून आपल्या जुन्या मुलखात पोचते.

तेव्हा पुढच्या भिशीला पर्ल बक मागवून ठेवा, वाटून घ्या, महिनाभर वाचा. पण त्या दुपारी मात्र 'रेत समाधि'ची पहिली वीस पानं मोठ्यानं वाचायची, मूळ हिंदीत. कूलर बंद करावा लागेल, नाहीतर आवाज पोचत नाही, म्हणून बैठक चारनंतर ठेवा. जिचा आवाज खणखणीत आहे तिनं वाचायचं. सासूबाईंना विचारून बघा, खाट बाहेर आणू का म्हणून. हो म्हणाल्या तर खाट उचलायला दोघी लागतील. नाही म्हणाल्या तर आतल्या खोलीचं दार उघडं ठेवा आणि वाचणारीला उंबऱ्याशी बसवा.